‘आणि मज्जातंतू’ : कायरोप्रॅक्टिकची व्यवसायकक्षा व टेक्सास निकालाचे चिकित्सक वाचन

एखाद्या व्यवसायाने काय करावे आणि काय करू नये, हे कायदा बहुधा एका व्याख्येत सांगतो. व्याख्या जितकी आटोपशीर, तितका तिच्या अर्थावरचा वाद लांबतो. टेक्सास राज्यातील कायरोप्रॅक्टिकच्या व्याख्येवरून असाच वाद २०११ साली न्यायालयात गेला आणि २९ जानेवारी २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. ‘टेक्सास बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्स विरुद्ध टेक्सास मेडिकल असोसिएशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सदर निकालाच्या केंद्रस्थानी मराठीत अनुवादल्यास अवघे दोन शब्द आहेत : ‘आणि मज्जातंतू’. नियामक मंडळाने आपल्या नियमांत अस्थि-स्नायू संस्थेची व्याख्या करताना स्नायू, कंडरा, अस्थिबंध, हाडे व सांधे यांच्या जोडीला शरीराची हालचाल घडविणाऱ्या आणि त्याचा आकार टिकविणाऱ्या संबंधित ऊती व मज्जातंतू यांचाही समावेश केला. मूळ अधिनियमात मज्जातंतूंचा उल्लेख नाही. विधिमंडळाने न उच्चारलेला शब्द मंडळाने उच्चारावा काय, हा प्रश्न होता. न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. प्रस्तुत लेखकास निकालाचा शेवट बऱ्याच अंशी मान्य आहे. त्या शेवटाकडे जाणारा मार्ग मात्र मान्य नाही. तो का मान्य नाही, हे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

कायदा वा वैद्यक या शाखांबाहेरील प्राध्यापक वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. हाताने मणक्यांचे व सांध्यांचे समायोजन करण्याची कायरोप्रॅक्टिक ही पद्धती अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. परंपरेनुसार त्यांचा पहिला रुग्ण हार्वे लिलार्ड हा बहिरेपणाने त्रस्त असलेला सफाई कामगार होता. मणके जागचे किंचित सरकतात, त्यामुळे मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि त्यातून व्याधी उद्भवतात, असा पामर यांचा सिद्धान्त. या सरकण्याला त्यांनी ‘सबलक्सेशन’ म्हटले. आधुनिक वैद्यकातही हा शब्द आहे, परंतु तेथे तो सांध्याच्या अर्धवट निखळण्यासाठी वापरला जातो, जे क्ष-किरण चित्रात दिसते आणि मोजता येते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पुढे कायद्यातही एकमेकांत मिसळले. या लेखातील निम्मा गोंधळ त्या मिसळण्याचा आहे.

आपल्याकडील वाचकाला येथे हाडवैद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुलना अपुरी आहे, कारण हाडवैद्याने कधी समग्र रोगकारणाचा सिद्धान्त मांडला नाही. मुरगळलेला पाय बसवून तो थांबला. पामर थांबले नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर विनापरवाना वैद्यकी केल्याचा आरोप झाला आणि १९०६ साली त्यांना तुरुंगात जावे लागले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथे शेगाटारो मोरिकुबो या कायरोप्रॅक्टरवर विनापरवाना ऑस्टिओपथी केल्याबद्दल खटला भरण्यात आला. टॉम मॉरिस या वकिलांनी केलेला बचाव साधा परंतु दूरगामी होता : आमचा अशील जे करतो ते ऑस्टिओपथी नव्हे, कायरोप्रॅक्टिक हे वेगळे शास्त्र, वेगळे तत्त्वज्ञान व वेगळी कला आहे. ज्यूरीने आरोपीस निर्दोष ठरविले. त्यानंतर राज्यामागून राज्य या पद्धतीला परवाना देत गेले. कॅन्सासने १९१३ मध्ये पहिला कायदा केला आणि लुइझियानाने १९७४ मध्ये शेवटचा.

मोरिकुबो खटल्यातील बचावाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. या व्यवसायाने आपले स्वातंत्र्य ‘आम्ही वैद्यक करीत नाही’ या विधानावर मिळविले. जे विधान तुरुंगाबाहेर काढते तेच पुढे कुंपण होऊन बसते. वेगळेपणा हाच ज्याच्या परवान्याचा पाया, त्याने त्या वेगळेपणाबाहेर पाऊल टाकले की परवानाच प्रश्नांकित होतो. अमेरिकेतील व्यवसायकक्षेचे बहुतेक खटले या एका अंतर्विरोधातून निघालेले आहेत आणि टेक्सासचा खटलाही त्यास अपवाद नाही.

टेक्सासमध्ये या अंतर्विरोधाला संविधानाची धार होती. त्या राज्याच्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील ३१ वे कलम वैद्यक व्यावसायिकांची अर्हता ठरविण्याचा अधिकार विधिमंडळास देते. मात्र वैद्यकाच्या कोणत्याही एका पंथास कायद्याने झुकते माप देता येणार नाही, असेही बजावते. १९४३ साली विधिमंडळाने कायरोप्रॅक्टिकचा पहिला अधिनियम केला. पुढच्याच वर्षी ‘एक्स पार्टे हॉलस्टेड’ या निकालात राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. त्यामागील विचार असा की, कायरोप्रॅक्टिक हेही अखेर वैद्यकच आहे, आणि त्याच्या अनुयायांना कमी शिक्षणावर परवाना देणे म्हणजे त्या पंथास झुकते माप देणे होय. १९४९ मध्ये नवा अधिनियम आला तो अत्यंत सावध शब्दांत. पाठीच्या कण्यातील मणक्यांची संरेखा तपासणे आणि त्यांतील सबलक्सेशन वा विचलन दूर करण्यासाठी मणक्यांचे समायोजन करणे, एवढेच त्यात होते. औषधे, शस्त्रक्रिया, क्ष-किरण उपचार वा रेडियम उपचार यांना जागा नव्हती. १९८९ च्या दुरुस्तीने ही कक्षा रुंदावली. कण्याची व अस्थि-स्नायू संस्थेची जैवयांत्रिक स्थिती यांचे निदान, विश्लेषण, तपासणी वा मूल्यमापन करणे, तसेच ‘सबलक्सेशन कॉम्प्लेक्स’ वा अस्थि-स्नायू संस्थेची जैवयांत्रिकी सुधारण्यासाठी छेदविरहित व शस्त्रक्रियाविरहित प्रक्रिया करणे, अशी आजची व्याख्या आहे. वैद्यक व्यवसायाच्या कायद्याने कायरोप्रॅक्टरला सूट दिली आहे, पण ती या व्याख्येच्या काटेकोर मर्यादेत राहून व्यवसाय करणाऱ्यालाच. म्हणजे व्याख्येबाहेर टाकलेले प्रत्येक पाऊल हे आपोआप विनापरवाना वैद्यकीत पडते. मधली जागा नाही.

‘जैवयांत्रिक’ हा शब्द येथे सर्वाधिक भार वाहतो आणि त्याचीच व्याख्या अधिनियमात नाही. २००५ मध्ये विधिमंडळाने मंडळाला व्यवसायकक्षा स्पष्ट करणारे नियम करावयास सांगितले, तेव्हापासून हा शब्द ताणला जाऊ लागला. स्नायूत सुई घालून विद्युत् क्रिया मोजण्याची चाचणी आणि भूल दिलेल्या रुग्णाच्या सांध्यांचे समायोजन या दोन गोष्टी मंडळाने कक्षेत घेतल्या. ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये त्या दोन्ही कक्षेबाहेर ठरविल्या. छेद म्हणजे काय, शस्त्रक्रियात्मक म्हणजे काय, हे ठरविणे न्यायालयाला तुलनेने सोपे गेले. सुई त्वचेच्या आत शिरते की नाही, हा प्रश्न डोळ्यांनी सोडविता येतो.

दुसऱ्या फेरीत असा सोपा आधार नव्हता. तीन मुद्दे होते. पहिला, उपरोल्लेखित ‘आणि मज्जातंतू’. दुसरा, सबलक्सेशन कॉम्प्लेक्स ही ‘मज्जा-अस्थि-स्नायू’ स्थिती आहे असे सांगणारी मंडळाची व्याख्या. तिसरा मुद्दा एका चाचणीचा. भोवळ वा चक्कर येणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यांची अनैच्छिक थरथर, जिला निस्टॅग्मस म्हणतात, ती उपकरणाच्या साहाय्याने नोंदवून तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे कार्य तपासण्याची ही चाचणी आहे. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या कायरोप्रॅक्टरला ती करण्याची मुभा मंडळाने दिली होती. डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे असे की अंतर्कर्ण, डोळे व मेंदू यांचे परस्परसंबंध तपासणे हे मज्जासंस्थेच्या विकारांचे निदान आहे. त्यात मणके कोठेच नाहीत. खालच्या न्यायालयाने व २०१८ मध्ये अपील न्यायालयाने संघटनेची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल फिरविले.

निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती नेथन हेक्ट यांनी लिहिले आहे. त्याची मांडणी प्रशासकीय कायद्याच्या चिरपरिचित सूत्रावर उभी आहे. मंडळाचे नियम वैध आहेत असे गृहीत धरावयाचे. ते अधिनियमाच्या विशिष्ट शब्दांशी विसंगत आहेत, किंवा त्याच्या सर्वसाधारण उद्देशाच्या विरुद्ध जातात, किंवा अधिनियमात नसलेले भार व अटी लादतात, हे आव्हान देणाऱ्याने सिद्ध करावयाचे. या मापाने पाहता मज्जातंतूंचा उल्लेख न्यायालयाला आक्षेपार्ह वाटत नाही. स्नायू मज्जातंतूंवाचून हलत नाहीत. त्यांना वगळून अस्थि-स्नायू संस्थेचे मूल्यमापन करताच येणार नाही. आणि नियमाने सरसकट मज्जासंस्था नव्हे तर केवळ ‘संबंधित’ मज्जातंतू आत घेतले आहेत. चाचणीबाबतही न्यायालयाचा दृष्टिकोन व्यवहारी आहे. रुग्णाची भोवळ आपल्या उपचारांच्या आवाक्यातील आहे की त्याला डॉक्टरकडे पाठवावयास हवे, हे ठरविण्यासाठी कायरोप्रॅक्टरला अशी माहिती उपयोगी पडू शकते.

या युक्तिवादातील बळ प्रथम मान्य करावयास हवे. मज्जातंतू वगळून पाठीचे दुखणे तपासा असे सांगणे म्हणजे तारा न पाहता दिवा दुरुस्त करावयास सांगण्यासारखे आहे. सायटिकाच्या रुग्णाला पाय सरळ ठेवून वर उचलावयास सांगणारा तपासनीस, त्याची पदवी कोणतीही असो, मज्जातंतूचीच परीक्षा घेत असतो. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहणे हेही तेच. डॉक्टरांच्या संघटनेची भूमिका शब्दशः स्वीकारली असती तर कायरोप्रॅक्टरने रुग्णाचा पाय बधिर झाला आहे काय, हेसुद्धा विचारू नये असा निष्कर्ष निघाला असता. आणि असा अर्ध्या डोळ्याने पाहणारा परवानाधारक रुग्णाच्या दृष्टीने अधिक धोकादायक ठरला असता. एवढ्यापुरता निकाल योग्य आहे.

अडचण ‘संबंधित’ या विशेषणापाशी सुरू होते. कोणता मज्जातंतू संबंधित? जो शरीर हलवितो व त्याचा आकार टिकवितो तो, असे नियम म्हणतो. परंतु शरीर हलविणाऱ्या प्रत्येक तंतूचा मागोवा घेतला तर आपण मज्जारज्जूत, तेथून मेंदूच्या देठात, लहान मेंदूत आणि अखेरीस मोठ्या मेंदूच्या बाह्यकात पोहोचतो. शरीररचनाशास्त्रात या मार्गावर ‘येथून पुढे असंबंधित’ अशी पाटी कोठेही लावलेली नाही. ती पाटी कायद्यानेच लावावयाची असते. न्यायालयाने हे विशेषण मर्यादा म्हणून वाचले. प्रत्यक्षात ती मर्यादा लवचिक आहे, आणि ती कोठवर ताणायची हे ठरविणार तेच मंडळ ज्याच्या अधिकारातिक्रमणाची तक्रार होती. चाचणीच्या प्रश्नात हे लगेच दिसून येते. डोळ्यांची थरथर ही सांध्याच्या हालचालीची नोंद नव्हे. ती अंतर्कर्ण व मेंदू यांच्यातील संवादाची नोंद आहे. तरीही ती कक्षेत आली, कारण तिचा उपयोग कक्षेतील निर्णयासाठी होऊ शकतो. उपयोग होऊ शकणे हा निकष मान्य केला की रक्ततपासणीपासून मेंदूच्या प्रतिमाचित्रणापर्यंत कोणतीही चाचणी बाहेर ठेवण्याचे तात्त्विक कारण उरत नाही. उरते ते फक्त छेद, औषध व किरणोत्सर्ग यांसंबंधीचे स्पष्ट निषेध.

सबलक्सेशनचा मुद्दा याहून गंभीर आहे, आणि निकालपत्रात त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. मंडळाच्या व्याख्येनुसार ही दोन लगतच्या सांध्यांमधील बिघडलेल्या संबंधाची स्थिती असून तिचे परिणाम त्या सांध्यांपुरते न राहता जवळच्या संरचनांवर आणि प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे शरीराच्या अन्य संस्थांवरही होऊ शकतात. हे शेवटचे शब्द वाचताना पामर यांचा १८९५ चा सिद्धान्त शासकीय राजपत्राच्या भाषेत परत आल्यासारखा वाटतो. येथे ‘मज्जा’ हा उपसर्ग जोडणे केवळ शारीरिक वास्तवाचा स्वीकार नाही. त्यात एक कारणमीमांसा गर्भित आहे. ब्रिटनमधील नियामक संस्थेने, म्हणजे जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने, २०१० मध्ये आपल्या सदस्यांना कळविले की सबलक्सेशन कॉम्प्लेक्स ही ऐतिहासिक संकल्पना असून ते सैद्धान्तिक प्रारूप आहे, आणि ते रोगाचे कारण असल्याचा दावा करता येईल असा चिकित्सालयीन संशोधनाचा पुरावा त्यामागे नाही. हे विरोधकांचे मत नव्हते. व्यवसायाच्या स्वतःच्या नियामकाचे होते. त्यानंतर अकरा वर्षांनी एका सर्वोच्च न्यायालयासमोर हीच संकल्पना येते आणि तिचा विस्तार अधिनियमाशी सुसंगत आहे की नाही एवढेच पाहिले जाते, हे खटकते.

न्यायालयाचा बचाव करणारे म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की हा शब्द विधिमंडळानेच अधिनियमात घातला. न्यायालय तो पुसू शकत नाही. खरे आहे. कायद्याने वैद्यकीय वस्तुस्थिती निर्माण करण्याचे हे एकमेव उदाहरणही नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य विधिमंडळाने ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत कायरोप्रॅक्टरला घेतले ते सबलक्सेशन दुरुस्त करण्यासाठी हाताने केलेल्या कण्याच्या समायोजनापुरतेच, आणि ते सबलक्सेशन क्ष-किरण चित्राने दाखविता आले पाहिजे अशी अट घातली. पाव शतकाहून अधिक काळ ही अट राहिली आणि १ जानेवारी २००० पासून ती गेली. पुरावा मागण्याची अट गेली, ज्याचा पुरावा मागितला जात होता ती संकल्पना कायद्यात तशीच राहिली! पण न्यायालयाला शब्द पुसता येत नसला तरी तो अरुंद अर्थाने वाचता येतो. ज्या शब्दाचा वैद्यकीय आशय वादग्रस्त आहे त्याच्या विस्ताराच्या वेळी नियामकाकडून अधिक खुलासा मागणे न्यायालयाच्या अधिकारात होते.

आता रुग्णाकडे वळू. या दहा वर्षांच्या वादात दोन्ही बाजूंनी वारंवार त्याच्या नावाने शपथ घेतली, परंतु पक्षकार म्हणून तो कोठेच नव्हता. समजा, एका प्रौढ व्यक्तीला मान दुखते आणि सकाळपासून भोवळ येते. कारणे अनेक असू शकतात. अंतर्कर्णातील सूक्ष्म कण जागचे हलल्याने येणारी भोवळ तुलनेने निरुपद्रवी असते. परंतु मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कशेरुकी धमनीच्या आतील अस्तराला चीर पडली असेल तरीही मान दुखते आणि भोवळ येते. आणि ही स्थिती पक्षाघाताच्या उंबरठ्यावरची असते. अशा मानेला झटका देऊन समायोजन करणे कोणीही शहाणा चिकित्सक टाळेल. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या निवेदनाने मानेचे समायोजन आणि धमनीला चीर पडणे यांचा सांख्यिकीय संबंध नोंदविला. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हेही सांगितले. आणि समायोजनापूर्वी रुग्णाला या संबंधाची माहिती द्यावी असे सुचविले. आधीच चीर पडलेली व्यक्तीच मान दुखते म्हणून कायरोप्रॅक्टरकडे जात असेल, ही शक्यता गंभीरपणे घेतली जाते. तसे असेल तर प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण मग तिला ओळखण्याची पहिली संधी कायरोप्रॅक्टरच्याच टेबलावर असते.

येथे निकालाच्या दोन्ही बाजू समोर येतात. भोवळीची चाचणी करण्याचा अधिकार म्हणजे ती संधी साधण्याचे साधन, असे न्यायालयाप्रमाणे म्हणता येईल. परंतु ज्याला साधन मिळाले त्याच्यावर ते नीट वाचण्याची जबाबदारी येते काय, आणि आलीच तर कोणाच्या मापाने? कायरोप्रॅक्टरच्या की मेंदूविकारतज्ज्ञाच्या? नियमाच्या वैधतेपुरत्या खटल्यात न्यायालयाला हे ठरविण्याची सक्ती नव्हती, हे मान्य. तरी अधिकाराच्या रेषेबरोबर कर्तव्याची रेषा सरकते, एवढी जाणीवही निकालपत्रात उमटू नये, हा त्याचा सर्वांत मोठा उणेपणा आहे.

इतर राज्यांतील न्यायालयांनी हा प्रश्न कर्तव्याच्या टोकाने पाहिलेला आहे. मोरिकुबोचा खटला ज्या विस्कॉन्सिनमध्ये झाला तेथेच १९२३ च्या ‘क्यूशलर विरुद्ध फोल्गमन’ निकालाने कायरोप्रॅक्टरला डॉक्टरच्या मापाने मोजले होते. १९८८ मध्ये ‘कर्कमन विरुद्ध हिंट्झ’ या निकालाने ते माप टाकून दिले. कायरोप्रॅक्टरची काळजी ही त्याच व्यवसायातील वाजवी व्यक्तीच्या मापाने जोखावी. रुग्णाची स्थिती आपल्या उपचारांनी साधण्यासारखी आहे की नाही हे त्याने ठरवावे. नसेल तर थांबावे व रुग्णास तसे सांगावे. मात्र डॉक्टरकडे पाठविण्याचे वेगळे कर्तव्य त्याच्यावर नाही, असे न्यायालय म्हणाले. कारण असे की, कोणत्या वैद्यकीय उपचाराची गरज आहे हे ठरविणे म्हणजेच वैद्यकीय निदान, आणि ते करण्याचा परवाना त्याला नाही. तर्कदृष्ट्या हे निर्दोष आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र ‘हे माझे काम नाही’ हे वाक्य अर्ध्यावर सोडलेले आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ‘रोझेनबर्ग विरुद्ध केहिल’ खटल्यात वेगळी वाट धरली. कायरोप्रॅक्टरने काढलेल्या क्ष-किरण चित्रांत मणक्यांखेरीज मृदू ऊतींतील विकृतीच्या खुणाही होत्या आणि रुग्ण असलेल्या लहान मुलाला हॉजकिन्सचा आजार निघाला. चित्रे वाचणे ही दोन्ही व्यवसायांची समाईक भूमी असल्याने तेथे डॉक्टरची तज्ज्ञ म्हणून साक्ष ग्राह्य आहे, असे न्यायालयाने ठरविले.

रोझेनबर्गचा हा विचार टेक्सासला नेमका लागू पडतो. जे साधन दोन व्यवसाय समान रीतीने वापरतात, त्याच्या वाचनाचे माप एका व्यवसायाच्या खासगी परंपरेवर सोडता येत नाही. भोवळीची चाचणी कक्षेत घेतानाच हे सांगितले गेले असते, तर ‘संबंधित’ या शब्दाची लवचिकता आपोआप आवळली गेली असती. जबाबदारीचा भार माहीत असलेला व्यावसायिक आपली कक्षा विनाकारण रुंदावत नाही.

मंडळाच्या रचनेचाही येथे विचार करणे क्रमप्राप्त आहे. टेक्सासच्या मंडळात नऊ सदस्य असतात, त्यांपैकी सहा स्वतः कायरोप्रॅक्टर. व्यवसायाने आपली सीमा आपणच आखावी आणि न्यायालयाने ती वैध गृहीत धरावी, हे न्यायतत्त्वात बसत असले तरी शहाणपणाचे आहे काय? संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाविरुद्धच्या खटल्यात याच स्वरूपाची शंका घेतली होती. दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना त्या मंडळाने रोखले होते. ज्या मंडळावर त्याच बाजारातील सक्रिय व्यावसायिकांचे नियंत्रण आहे त्याला, राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसल्यास, स्पर्धाविषयक कायद्यापासून मुक्ती मिळणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तेथे मंडळ इतरांना बाहेर ठेवीत होते. टेक्सासमध्ये मंडळ स्वतः बाहेर पसरत होते. हितसंबंधाचे स्वरूप एकच.

तथापि दुसरी बाजूही निर्हेतुक नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती स्थापन केली आणि कायरोप्रॅक्टिकचा बीमोड हे तिचे मुख्य कार्य राहिले. कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणे हे डॉक्टरांसाठी अनैतिक ठरविले गेले होते. चेस्टर विल्क व इतरांनी १९७६ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी १९८७ साली हा बहिष्कार बेकायदेशीर ठरविला आणि १९९० मध्ये अपिलात तो निर्णय कायम झाला. त्यामुळे डॉक्टरांची संघटना रुग्णहिताची भाषा बोलते तेव्हा न्यायालयांनी थोडे सावध राहणे समजण्यासारखे आहे. पण सावधपणाचा अर्थ दुसऱ्या पक्षाच्या व्याख्येवर विसंबणे असा होत नाही.

कक्षा ठरविण्याच्या अन्य पद्धती जगात आहेत. ब्रिटनच्या १९९४ च्या अधिनियमाने कायरोप्रॅक्टरने काय करावे हे सांगितलेच नाही. त्याने नावाचे रक्षण केले. नोंदणी नसताना स्वतःस कायरोप्रॅक्टर म्हणवून घेणे हा तेथे गुन्हा आहे, मणक्याला हात लावणे हा नव्हे. कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांताने १९९१ मध्ये याहून विचारपूर्वक मार्ग काढला. तेथील व्याख्येत मज्जासंस्थेचा उल्लेख विधिमंडळाने स्वतःच उघडपणे केला आहे, त्यामुळे टेक्साससारखा वाद उद्भवण्याचे कारण नाही. खरी मर्यादा व्याख्येत न ठेवता धोकादायक क्रियांच्या यादीत ठेवली आहे. निदान रुग्णास कळविणे, कण्याच्या सांध्यांना त्यांच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे झटक्याने हलविणे, अशा नेमक्या क्रिया ‘नियंत्रित’ आहेत आणि कोणत्या व्यवसायाने त्यांपैकी कोणती करावी हे त्या त्या अधिनियमात सांगितले आहे. अवयव कोणाचा, यापेक्षा क्रिया किती घातक, हा प्रश्न तेथे आधी येतो. प्रस्तुत लेखकास ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. शरीराची वाटणी करून व्यवसायांना तुकडे देण्याचा प्रयत्न टेक्सासने १९४९ पासून केला आणि शरीराने त्याला दाद दिली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वेषात परिचित आहे. मुंबईतील घटनांवरून उद्भवलेल्या १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे देणे हेच मुळात निष्काळजीपणाचे ठरविले होते. उपचार कसा केला हे पाहण्याची गरज राहिली नाही. १९९८ च्या मुख्तियार चंद निकालाने औषध लिहून देण्याचा हक्क हा त्या पद्धतीचा व्यवसाय करण्याच्या हक्काशी बांधला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी व्यावसायिकांना आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी केलेला विरोध आणि टेक्सासमधील विरोध यांची भाषा जवळजवळ एकच होती. फरक एवढाच की आपल्याकडे सीमा विधिमंडळाने उघडपणे हलविली, मंडळाने विशेषणाच्या आडून नव्हे. हे श्रेय द्यावयास हवे, दुरुस्तीचे गुणदोष काहीही असोत.

कायरोप्रॅक्टिकबाबत मात्र भारतात ना परिषद आहे, ना नोंदवही. परदेशातून पदवी घेऊन आलेला प्रशिक्षित कायरोप्रॅक्टर आणि मानेचा कडकड आवाज काढून दाखविणारा कोणीही, या दोघांच्या दारावरची पाटी कायद्याच्या लेखी एकाच किमतीची आहे. पूनम वर्मा खटल्याचे सूत्र अशा व्यक्तीला लावावयाचे तर प्रथम विचारावे लागते की तिचे नाव कोणत्या पद्धतीच्या नोंदवहीत आहे आणि ती कोणत्या पद्धतीच्या क्षेत्रात शिरली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित मिळेल; पहिल्या प्रश्नासाठी उघडावयाची वहीच अद्याप अस्तित्वात नाही.